वन्संची दुहेरी टीप

माझा एक गाऊन होता. जांभळ्या फुलांचा, सुती, धुऊन धुऊन अगदी मलमलीसारखा झालेला. तो आता फरशी पुसायच्या बादलीकडे धाडावा असं माझ्या मनात चाललं होतं, तेवढ्यात आमचा भाडेकरू जिना उतरून आला आणि म्हणाला, "काकू, हा मले द्या. स्टेजसाठी पायजे."

थांबा, आधी भाडेकरूचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई मधूनच कुठून सुरू झाली.

हडपसरला आमचं लहानसं घर आहे. खाली मी आणि माझी नणंद राहतो. मी त्यांना वन्सं म्हणते. वयानं माझ्याहून लहान, पण मानानं मोठ्या, आणि ते त्या विसरू देत नाहीत. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि वरच्या खोलीत हा अकोल्याकडचा मुलगा. दिवसा कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी मुंढव्याकडच्या क्लबांत कॅबरे करतो. म्हणजे झगमगीत झगा, पिसं, उंच टाचा, ओठांना लाल रंग, आणि नाच. स्टेजवरचं त्याचं एक खास नावही आहे. त्यात दोन इंग्रजी शब्द आणि एक फळ आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण वन्संना अजून ते नीट म्हणता येत नाही आणि त्या चिडतात.

तो राहायला आला तेव्हा त्याच्या सामानात केसांचा एक लांब कुरळा टोप होता, लाकडी डोक्यावर बसवलेला. त्यानं तो खिडकीत ठेवला. खालून पाहिलं की कुणी बाई पाठमोरी बसल्यासारखी वाटायची. वन्संनी बरेच दिवस वाट पाहिली आणि मग मला म्हणाल्या, "वहिनी, याची बायको फार शांत आहे हो. बोलत नाही, भांडत नाही, खिडकीतून हलत नाही. अशी कुठे मिळते?"

खरा प्रकार कळल्यावर वन्सं काय म्हणतील याची मला धास्ती होती. पण त्या म्हणाल्या, "त्यात काय? आपल्या नाटकांत पुरुष पहिल्यापासून शालू नेसत आलेत. फक्त शिवण आतून स्वच्छ पाहिजे." आणि त्याचा सोनेरी टिकल्यांचा झगा उलटा करून पाहिला, नाक मुरडलं, आणि त्याच दिवशी त्याच्या सगळ्या शिवणी आतून दुमडून दिल्या. तेव्हापासून तो त्यांना आत्या म्हणायला लागला.

त्याच्या तऱ्हा काय सांगाव्यात! सकाळी त्याची कंपनीची मीटिंग असायची. कॅमेऱ्यात दिसेल तेवढा इस्त्रीचा शर्ट, आणि टेबलाखाली जाळीचे मोजे आणि उंच टाचांचे बूट. कारण काय, तर बूट नवे आहेत, पायात मुरायला हवेत. मी चहा घेऊन वर गेले की इकडे गंभीर आवाजात "येस सर, येस सर" चाललेलं आणि तिकडे पायांचा ठेका.

एकदा त्यानं पिसांचा लांबलचक गळपट्टा धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकला. शेजारचे काका आले. हे काका गल्लीतलं सगळं पाहतात आणि त्याबद्दल सगळ्यांना सांगतात.

"तुमच्याकडे कोंबड्या पाळल्यात का?" त्यांनी विचारलं.

वन्सं दारातच उभ्या होत्या. "का? अंडी हवीत?"

"नाही, गच्चीवर पिसं दिसली. लांब आहेत. मला आधी सापच वाटला."

"साप बघायचा तर कात्रजला जा. तिथे तिकीट काढून नीट दाखवतात. इथे आम्ही फुकट काही दाखवत नाही."

काका गेले. वन्संनी दार लावलं आणि वर तोंड करून ओरडल्या, "अरे, ती पिसं सावलीत वाळव! उन्हात रंग उडेल!"

तर अशा आमच्या वन्सं. आणि आता मुद्द्याची गोष्ट. मी शिवण कुठे शिकले नाही. लग्नात आलेलं मशीन, आणि स्वतःचंच कापड खराब करून करून हात बसला. त्यामुळे माझं सगळं अंदाजपंचे. दोरा संपला की मी तो दातानं तोडायची, कट्. वन्संना ते अजिबात खपायचं नाही. शाळेत म्हणे मुलींना त्या यासाठी वर्गाबाहेर उभं करायच्या. मलाही आयुष्यभर तेच ऐकवलं, "वहिनी, दोरा दातानं तोडायचा नसतो. माणसाला देवानं दात दिलेत आणि लोहारानं कातर दिलीय. ज्याचं काम त्यानं करावं." त्यांच्या पर्समध्ये काळ्या दोऱ्याला बांधलेली चिमुकली कातर असतेच, अगदी लग्नाला जाताना सुद्धा. पुढे माझे दात गेले आणि कवळी आली. वन्संचे सगळे शाबूत. "बघा," त्या म्हणतात, आणि पेरू खातात.

हं, तर गाऊन.

झालं असं होतं की त्याच्या कंपनीनं त्याची हैदराबादला बदली करायचं ठरवलं. जायचं नसेल तर नोकरी सोड. नोकरी सोडायला तो तयार होता, पण मग पोटाला काय? त्याच सुमारास एका क्लबच्या मालकानं त्याला सांगितलं, रविवारी दुपारच्या जेवणाबरोबर एक कार्यक्रम करून दाखव. लोकांना आवडला तर दर रविवार तुझा, कायमचा. नाही आवडला तर नाही. म्हणजे एका दुपारवर सगळं. जमलं तर पुण्यात आणि स्टेजवर, नाही जमलं तर हैदराबादेत आणि टेबलामागे. तो हसत होता, पण त्या आठवड्यात त्यानं माझ्या हातची ज्वारीची भाकरी एकदाही दुसऱ्यांदा मागितली नाही, यावरून मी काय ते समजले.

आणि खरं सांगू का, मलाही तो जायला नको होता. तो गेला असता तर आम्ही दोघींनी दिवसभर एकमेकींशी काय बोलायचं?

त्याच्या डोक्यात कल्पना अशी होती: स्टेजवर आधी पुण्यातली एक गृहिणी येणार. गाऊन, त्यावर ओढणी, केसांचा अंबाडा, हातात दुधाची पिशवी. ती दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, पंख्याला, सगळ्यांना टोमणे मारणार. मग एकदम ढोल वाजणार, ती छातीशी गाऊन धरणार, एक हिसका देणार, आणि गाऊन टरकन सुटून खाली! आतून सोनेरी झगा, पिसं, मोकळे केस, आणि नाच सुरू.

"काकू, एका झटक्यात निघाला पायजे," तो म्हणाला. "दुसरा झटका लागला का खेळ खल्लास."

मी गाऊन घेतला. दोन्ही बाजू काखेपासून खालपर्यंत उसवल्या, खांदे उसवले, आणि सगळीकडे टिचबटणं लावली. ओढून पाहिलं. टिचटिचटिचटिच करत सुटला, काय सांगू! मीच दोन-तीनदा ओढला, मजा वाटली म्हणून.

"पण आत्याले सांगू नका हं," तो म्हणाला. "त्यांचा चेहरा पायचा हाय मले."

दुसरं कारण त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. ती गृहिणी म्हणजे हुबेहूब वन्सं होत्या.

वन्संनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "एका गृहिणीच्या आयुष्यावर आहे." यात खोटं काय? त्या म्हणाल्या, "असं का? मग मी येईन." आता वन्संचं "येईन" म्हणजे किती मोठी गोष्ट, ते तुम्हाला कळायचं नाही. रविवारी, दुपारी, झोपेच्या वेळेला! त्यांनी भावाच्या लग्नातसुद्धा जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत चटई टाकली होती. भाऊ म्हणजे आमचे हेच. लग्न माझंच.

शनिवारी दुपारी मी भाजी आणायला गेले. परत आले तर वन्सं मशीनशेजारी बसलेल्या, चेहरा एकदम प्रसन्न. मला वाटलं झोप छान झाली.

रविवारी तो वरून तयार होऊनच उतरला. क्लबात कपडे बदलायची जागा म्हणजे कांद्यांची खोली होती, म्हणून आत सोनेरी झगा आणि वर माझा जांभळा गाऊन. अंगात छान बसला होता, कुठे फट नाही. मला वाटलं, यानं टिचबटणं किती नीट लावलीत! त्याला वाटलं, काकूंनी खालीच सगळी लावून डोक्यातून घालायला दिलाय. आणि वन्सं आम्हा दोघांकडे बघून गालात हसत होत्या.

आम्ही तिघं रिक्षात बसलो. तो सहा फुटांचा, वर टाचा, वर अंबाडा. मान वाकडी करून मधे कोंबलेला. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, आदबीनं म्हणाला, "मधल्या मावशी, पाय जरा आत घ्या."

"घेतो ना दादा," मधल्या मावशी भरदार आवाजात म्हणाल्या. रिक्षा एकदम गतिरोधकावर उडाली.

क्लबच्या दाराशी पिशव्या तपासत होते. वन्संच्या पर्समधून निघालं ते असं: आलेपाक, लिंबाच्या गोळ्या, सुपारीची डबी, रुमालात बांधलेल्या दशम्या, आणि कातर. पहारेकरी म्हणाला, "आजी, हत्यार आत नेता येणार नाही. आणि बाहेरचं खाणं पण नाही."

"हे हत्यार आहे?" वन्संनी कातर त्याच्या नाकासमोर धरली. "यानं बटणाचं काज होत नाही धड. तुमच्या शर्टाचा दोरा लोंबतोय, तो कापून दाखवू का?"

त्यानं कातर आणि दशम्या दोन्ही ठेवून घेतल्या. आलेपाक सोडला. वन्सं आत गेल्या त्या हात तोडून ठेवल्यासारख्या.

आत अंधार, रंगीत दिवे, टेबलांभोवती तरुण मुलंमुली, आणि थाळीत अंडी, बटाटे, पाव, सगळं गार. मालक खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा होता. चेहऱ्यावर काही नाही. बँकेतले लोक तुमची सही जुळते का बघताना असतात तसा.

आणि आली की आमची गृहिणी! दुधाची पिशवी गालाला लावून तिनं ताप बघितला. "हे दूध आहे का पाण्याचा दूरचा नातेवाईक?" लोक हसले. मग शेजाऱ्याला, "काका, आमच्या घरात डोकावताय ते डोकावा, पण जाताना जाळी पुसून जा. नाकाचा डाग पडतो." मग पंख्याला, "फिरतोयस का बसलायस? पगार चालू आहे तुझा." लोक टेबलं बडवायला लागले. चालणं वन्संचं, कमरेवरचा हात वन्संचा, बोलून झाल्यावर ओठ मिटणंही वन्संचंच.

मी घाबरून बाजूला पाहिलं. वन्सं ताठ बसल्या होत्या.

"हे मी बोललेलं आहे," त्या म्हणाल्या.

"अहो वन्सं, तो आपला प्रेमानं..."

"आणि बरोबर बोललेलं आहे," वन्सं म्हणाल्या, आणि आलेपाकाची वडी तोंडात टाकली.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ढोल वाजला. गृहिणी मधोमध उभी राहिली, दोन्ही हातांनी छातीशी गाऊन धरला, लोकांकडे बघून भुवई उडवली आणि हिसका दिला.

गाऊन जागचा हलला नाही.

लोकांना वाटलं, गंमत आहे. पुन्हा ढोल. पुन्हा हिसका. गाऊन तसाच, फक्त गृहिणी स्वतःच दोन पावलं पुढे ओढली गेली. गाणी लावणाऱ्यानं तिसऱ्यांदा ढोल वाजवला. तिनं वाकून, फिरून, एक पाय खुर्चीवर ठेवून ओढला. आता हसू कमी व्हायला लागलं होतं. मालकानं घड्याळात पाहिलं. आणि मला रंगाखालचा आमच्या पोराचा खरा चेहरा दिसला. तो हैदराबादला निघाला होता.

"अगं बाई, टिचबटणं अडकली!" मी म्हणाले.

"कशी अडकतील?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. "ती मी काढून डबीत ठेवलीत. वाया नको. काल दुपारी सगळीकडून दुहेरी टीप मारली, वर हातानं बखिया घातला. वहिनी, काय ते तुमचं काम! काखेपासून पायापर्यंत नुसती टिचबटणं! वाऱ्यानं पोरगं उघडं पडलं असतं चारचौघांत."

"अहो वन्सं, ते उघडंच पडायचं होतं!"

"म्हणजे?"

"एका हिसक्यात गाऊन सुटायचा! आत सोन्याचा झगा आहे! तोच तर कार्यक्रम आहे!"

वन्संनी स्टेजकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आलेपाक गिळला. "मग हे मला सांगायला काय झालं होतं?" असं म्हणून त्या उठल्या, पर्स उघडली, आत हात घातला, आणि त्यांना आठवलं, कातर दारावर आहे.

"तुम्ही चला," त्या मला म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे दातांची."

मी कवळी दाखवली. "ही गाऊनातच राहील हो."

मग वन्संनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. निऱ्या सावरल्या, पदर खोचला, आणि टेबलांमधून सरळ स्टेजवर चढल्या. प्रकाशाचा झोत त्यांच्यावर आला तर त्यालाच हातानं "बाजूला हो" केलं.

"आत्या?" आमची गृहिणी पुटपुटली.

"खाली बस. मान तिकडे कर," वन्सं म्हणाल्या. आवाज शाळेतला. माईकमधून सगळीकडे गेला.

तो मुकाट्यानं खुर्चीवर बसला. वन्संनी त्याच्या खांद्यावरची शिवण चिमटीत धरली. क्षणभर थांबल्या. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या सगळ्या मुली त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असणार. मग डोळे मिटले आणि दातांनी, कट्!

आमचा पोरगा मात्र खरा कलावंत. तेवढ्या वेळात सावरला, लोकांकडे वळून वन्संच्याच आवाजात म्हणाला, "ही माझी नणंद. लग्नापासून अशीच मानगुटीवर आहे."

लोक अक्षरशः खुर्च्यांवर चढले.

"बोलू नकोस, हलतंय!" वन्सं म्हणाल्या. तोंडात दोरा. दुसरा खांदा, कट्! मग दोन्ही बाजूंना धरून त्यांनी सगळा जोर लावला. गाऊन टर्रर्र करत खांद्यापासून खालपर्यंत फाटला आणि आतून सोनं लखलखलं. अंबाडा सुटला, पिसं उसळली, ढोल वाजला. फाटलेला गाऊन वन्संच्या डोक्यावर आणि एक पीस त्यांच्या तोंडात.

ती नाचली. काय नाचली! स्टेजवर तिला 'ती' म्हणायचं, हे आम्ही ठरवून ठेवलंय. मधे मधे वन्संभोवती गिरकी घ्यायची. आणि वन्सं? गाऊन डोक्यावरून काढून, दिव्याच्या उजेडात धरून, शिवण तपासत उभ्या. मग माईकजवळ येऊन म्हणाल्या, "सगळ्यांनी बघून घ्या. फाटलंय ते कापड. टीप शाबूत आहे."

एवढ्या टाळ्या मी वन्संच्या शाळेच्या निरोप समारंभातही ऐकल्या नव्हत्या.

नाच संपल्यावर मालक आमच्या टेबलाशी आला. त्यानं हाताची घडी सोडली होती. भाडेकरूच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "रविवार तुझा. पण ही नणंद पण पाहिजे. ही कल्पना कुणाची?"

भाडेकरूनं माझ्याकडे बोट केलं, मी वन्संकडे.

"कल्पना वगैरे काही नाही, शिस्त आहे," वन्सं म्हणाल्या. "आणि दर रविवारी मला जमणार नाही. दुपारी मी झोपते."

भाडेकरूचा चेहरा पुन्हा पडला. "आत्या, असं काऊन करून राहिल्या? एका तासाचा तर..."

"मी नाही म्हटलं का? यांना सांग, अकराला सुरू करा. मग मी दोनला पाठ टेकीन. आणि दारावरच्या माणसाला सांगा, माझ्या दशम्या परत कर. ही अंडी गार आहेत."

आता कार्यक्रम अकराला असतो. हैदराबादला दुसरं कुणीतरी गेलं. दर आठवड्याला एक गाऊन फाटतो, त्यामुळे आमच्या गल्लीत फरशी पुसायला जुना गाऊन म्हणून उरलेला नाही. शेजारच्या काकांनीसुद्धा काकूंचे दोन आणून दिले, वर विचारलं, "कोंबड्यांसाठी ना?"

शिवायचं काम वन्संचंच. मला हात लावू देत नाहीत. बाजूंना तीच दुहेरी टीप, खांद्यावर एकच टाका, दातानं तोडायचा तेवढा. शनिवारी दुपारी त्या मशीनवर बसतात, कातर उजव्या हाताशी असते. मी स्वयंपाकघरात चहा टाकते. त्या एकदा माझ्याकडे बघतात, मी पाठ फिरवलीय ना याची खात्री करून घेतात, आणि मग मला ऐकू येतं, कट्.

"सराव," वन्सं म्हणतात.